दार दिल्लीचे की मुंबईचे? आधी अधिकार ओळखा, मग जाब विचारा!

परंडा असो, भूम असो की कळंब, आंबेडकरी समाजाचा मोर्चा तहसील कचेरीवर गेला की शेवटी एक निवेदन दिले जाते. त्या निवेदनावर मा. राष्ट्रपती, मा. पंतप्रधान, मा. मुख्यमंत्री, मा. सामाजिक न्याय मंत्री, मा. जिल्हाधिकारी अशी नावे एकाखाली एक लिहिलेली असतात. मागण्याही तशाच एकाखाली एक असतात. शिष्यवृत्ती वेळेवर द्या, अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यातील आरोपींना अटक करा, गायरान नावे करा, जातनिहाय जनगणना करा. कचेरीत शिक्का बसतो, पोच मिळते, घोषणा होतात आणि माणसे आपापल्या गावाच्या एस.टी.त बसतात. पुढे त्या निवेदनाचे काय होते? ते 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. दिल्लीहून उत्तर येते, 'हा विषय राज्य सरकारच्या अखत्यारीतील आहे.' मुंबईहून उत्तर येते, 'केंद्राकडे पाठपुरावा सुरू आहे.' दोन्ही उत्तरे कागदावर खरी दिसतात आणि आमच्या माणसाच्या पदरात काहीच पडत नाही.

सत्ताधाऱ्यांचा हा खेळ जुना आहे. तो मोडायचा असेल तर कोणता अधिकार कोणाच्या हाती आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. केंद्र-राज्य संबंध हा विषय वकिलांनी आणि प्राध्यापकांनीच वाचायचा, असा एक समज आहे. आम्हाला तो समज मान्य नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेतील अधिकारांची वाटणी केली तेव्हा गावकुसाबाहेरचा माणूस त्यांच्या डोळ्यासमोर होता. म्हणून ही वाटणी आधी आपण समजून घेतली पाहिजे.

परंड्याच्या मातीलाच हा विषय चांगला ठाऊक आहे. १९४८ पर्यंत परंडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पंचवीस-तीस किलोमीटरवरची बार्शी ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होती. बार्शीत इंग्रजांचा कायदा चाले, परंड्यात निजामाचे फर्मान चाले. बोली एक, बाजार एक, सोयरिका एकमेकांत, आणि महारवाडा व मांगवाडा दोन्हीकडे गावाच्या बाहेरच! हद्द बदलली की राजा बदले, कायदा बदले, पण विटाळ तोच राही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. म्हणजे परंड्यातील एखाद्या म्हाताऱ्या माणसाने एकाच घरात राहून तीन-तीन राज्ये पाहिली. राज्य बदलले म्हणून त्याच्यावरचा अन्याय आपोआप संपला का? मुळीच नाही. अन्याय थांबवणारा कायदा कोणाच्या हातात आहे आणि तो राबवणारा माणूस कोणाच्या हुकमात आहे, यावर सगळे अवलंबून असते.

बाबासाहेबांनी हा धोका नेमका ओळखला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी सांगितले की, ही घटना संघराज्याची आहे, पण गरज पडली तर ती एकात्म राज्यासारखी चालू शकते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी हेही स्पष्ट केले की, राज्यांना मिळालेले अधिकार केंद्राने दिलेले दान नाही. ते खुद्द घटनेनेच दिलेले आहेत. एकीकडे मजबूत केंद्र आणि दुसरीकडे स्वतंत्र अधिकार असलेली राज्ये, असा हा तोल आहे. सातव्या अनुसूचीत त्यांनी तीन याद्या केल्या. मूळ घटनेत केंद्र सूचीत ९७, राज्य सूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ विषय होते. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, जमीन, ग्रामपंचायती, सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्याकडे आले. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, जनगणना हे केंद्राकडे गेले. फौजदारी कायदा, मजुरांचे कल्याण असे विषय दोघांच्या सामाईक यादीत आले. शिक्षण आधी राज्याकडे होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले. सामाईक विषयात दोघांच्या कायद्यांत विरोध आला तर साधारणपणे केंद्राचा कायदा टिकतो.

१९५५ साली भाषावार प्रांतरचनेवर लिहिताना बाबासाहेबांनी आणखी एक इशारा दिला होता. भाषेच्या नावावर राज्य झाले की त्या राज्यात संख्येने मोठी असलेली जात सत्तेवर बसेल आणि लहान समाज तिच्या दयेवर जगतील, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणूनच त्यांनी मोठ्या राज्यांपेक्षा लहान राज्यांचा पुरस्कार केला आणि मराठी मुलखाचेही मुंबई शहर, पश्चिम, मध्य व पूर्व असे चार भाग सुचवले. आजचा मराठवाडा त्यांच्या मध्य महाराष्ट्रात येतो. साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था आणि आमदारकी ज्या मूठभर घराण्यांच्या हातात गेली ती पाहिली, म्हणजे बाबासाहेबांचा तो इशारा कोणासाठी होता हे वेगळे सांगावे लागत नाही.

घटनेतला एक अनुच्छेद फारसा कोणी वाचत नाही. तो म्हणजे अनुच्छेद ३५. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली हे शाळकरी पोरही सांगेल. पण अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा कोण करणार? अनुच्छेद ३५ सांगतो की तो अधिकार फक्त संसदेचा आहे, राज्य विधिमंडळाचा नाही. अनुच्छेद २३ मधील वेठबिगारीच्या शिक्षेचेही तसेच. असे का केले असेल? स्वातंत्र्यापूर्वी प्रांतोप्रांती वेगळे कायदे होते आणि कित्येक संस्थानांत कायदाच नव्हता. ज्या राज्यात स्पृश्यांचे बहुमत, तिथले विधिमंडळ स्पृश्यांनाच शिक्षा देणारा कडक कायदा करील यावर घटनाकारांनी विसंबायचे कसे? म्हणून शिक्षेचा अधिकार राज्यांच्या हातातून काढून संसदेकडे दिला गेला. त्यातूनच १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला, तोच पुढे १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा बनला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही संसदेचाच.

पण इथेच खरी मेख आहे. कायदा दिल्लीचा, पोलीस मात्र मुंबईचे! गुन्हा नोंदवून घेणारा ठाणेदार, तपास करणारा उपअधीक्षक, विशेष न्यायालय स्थापन करणारे आणि विशेष सरकारी वकील नेमणारे, हे सगळे राज्य सरकारच्या अखत्यारीत. १९९५ च्या नियमांनुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैत, झाली पाहिजे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची बैठक दर तीन महिन्यांनी झाली पाहिजे. सुधारित नियमांप्रमाणे तपास साठ दिवसांत पुरा करून दोषारोपपत्र दाखल झाले पाहिजे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या बिगर अनुसूचित लोकसेवकाला कलम ४ खाली शिक्षा आहे. आणि कलम २१ प्रमाणे या साऱ्याचा अहवाल केंद्र सरकारने दरवर्षी संसदेसमोर ठेवायचा आहे. म्हणजे कायद्याने कोणालाच मोकळे सोडलेले नाही. आमच्या तालुक्यात गुन्हा नोंदवायला टाळाटाळ झाली तर पंतप्रधानांना तार करण्याने काय होणार? आधी जिल्हा समितीच्या मागच्या चार बैठकांची इतिवृत्ते माहितीच्या अधिकारात मागा. बैठक झालीच नसेल तर तो कागदच तुमचा पुरावा आहे. हे काम मोर्च्यापेक्षा कंटाळवाणे आहे, पण अधिकाऱ्याला घाम फुटतो तो अशाच कागदाने.

या कायद्यावर घाला आला तेव्हाही दार ओळखण्याची गरज पडली. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच, कराडच्या एका प्रकरणात निकाल देऊन अटकेपूर्वी परवानगी आणि प्राथमिक चौकशीच्या अटी घातल्या. कायदा संसदेचा, म्हणून उपायही संसदेकडेच होता. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद झाला, देशभर बहुजन समाज रस्त्यावर उतरला, कित्येकांचे प्राण गेले. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून त्या अटी काढल्या आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. नेमक्या दारावर नेमका धक्का दिला की दार उघडते, ते असे.

आता आमच्याच जखमेकडे येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यानंतर अठराच दिवसांनी मराठवाडा मुंबई राज्यात आला. परंडा, भूम, उस्मानाबादकडच्या आमच्या माणसांनी पुढच्या काळात बुद्धाचा मार्ग धरला. पण अनुसूचित जातींची यादी ठरवण्याचा अधिकार अनुच्छेद ३४१ ने राष्ट्रपतींना आणि त्यानंतर फक्त संसदेला दिलेला आहे. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे अशी अट होती. १९५६ साली त्यात शीख आले, बौद्ध आले नाहीत. परिणाम काय झाला? काल अस्पृश्य म्हणून गावाने ज्याला विहिरीवर येऊ दिले नाही, तो आज बौद्ध झाला म्हणून दिल्लीच्या दप्तरी तो अनुसूचित जातीचा उरला नाही! गावाने विटाळ सोडला नव्हता, सरकारने मात्र सवलत सोडवून घेतली.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० साली यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या शिक्षणात व नोकऱ्यांत अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या. ते राज्याच्या हातात होते, म्हणून राज्याने केले. पण राज्याचा हात जिथे संपला तिथे आमची वाट बंद झाली. केंद्राची नोकरी नाही, लोकसभा-विधानसभेची राखीव जागा नाही. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत विदर्भातील राखीव जागेवर निवडून आलेल्या डी. पी. मेश्राम यांची निवड सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. कारण त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता आणि बौद्ध म्हणजे हिंदू नव्हे, असा निर्णय झाला. बाबासाहेबांनी ज्या राखीव जागा मिळवून दिल्या, त्या बाबासाहेबांच्याच धम्माने चालणाऱ्याला बंद! ही अवस्था थेट १९९० पर्यंत राहिली. व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात संसदेने १९५० चा आदेश दुरुस्त केला आणि बौद्धांचा समावेश झाला. चौतीस वर्षे! या चौतीस वर्षांत एका पूर्ण पिढीची केंद्रीय नोकरीची वये उलटून गेली. राज्य आपल्या बाजूने असून भागत नाही आणि केंद्र विरुद्ध असेल तर काय होते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

याच्या नेमके उलटे उदाहरणही मराठवाड्यातच आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. विद्यापीठ राज्याच्या कायद्याने झालेले. दिल्लीच्या परवानगीची गरज नव्हती. संपूर्ण अधिकार मुंबईच्या हातात होता. तरी काय झाले? मराठवाडा पेटवला गेला. आमच्या वस्त्या जाळल्या, पोचीराम कांबळे यांच्यासारखे भीमसैनिक मारले गेले, गौतम वाघमारे यांनी आत्मबलिदान केले. आणि सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामांतराऐवजी नामविस्तार पदरात पडला. तुलना करायची तर आपल्या जिल्ह्याच्या नावाकडे पाहा. उस्मानाबादचे धाराशिव करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ साली केला, फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या गृह खात्याची हरकत नसल्याचे पत्र आले, त्याच वर्षी अधिसूचना निघाल्या, मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय कायम केला. जिथे मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडे जायचे होते तिथे दोन वर्षांत काम झाले. जिथे मुंबईलाच करायचे होते तिथे सोळा वर्षे लागली. अधिकार असणे वेगळे आणि इच्छा असणे वेगळे, हा धडा बंधू-भगिनींनी मनात कोरून ठेवावा.

गायरानाचेही असेच. जमीन हा राज्य सूचीतला विषय. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते उगीच नव्हे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितली, पण शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेल्या जमिनीचा अपवादही त्याच निकालात आहे. अतिक्रमण काढा हे वाक्य सगळ्या अधिकाऱ्यांना पाठ असते, अपवादाचे वाक्य त्यांना कोणीतरी वाचून दाखवावे लागते. ते आमच्या कार्यकर्त्यांनी वाचून दाखवावे.

आता पैशाचे पाहू. ज्याला आपण भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणतो ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मिळावा म्हणून त्यांनी १९४२ सालीच व्हाइसरॉयकडे मागणी लावून धरली होती. नाव भारत सरकारचे, पण पुढे पुढे खर्चाचा बहुतेक बोजा राज्यांवर ढकलला गेला. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राची मदत सगळ्या देशासाठी वर्षाला अकराशे कोटींच्या आसपास उरली. ओरड झाली तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचे ६० टक्के म्हणजे ३५,५३४ कोटी आणि बाकीचे ४० टक्के राज्यांचे. पण अट अशी की, राज्याने आधी आपला वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करायचा, मग केंद्राचा वाटा येणार. म्हणजे परंड्याहून बार्शीला, सोलापूरला, पुण्याला शिकायला गेलेल्या पोराची फी थकली तर प्रश्न दोन विचारायचे. राज्याचा ४० टक्के हप्ता पडला का? पडला असेल तर केंद्राचा ६० टक्के कुठे अडला? महाविद्यालयाने निकाल अडवून ठेवला की पोराचा बाप सावकाराकडे जातो. त्याला 'शिष्यवृत्ती आली नाही' एवढेच कळते. कोणाची आली नाही, हे शोधून देणे संघटनेचे काम आहे.

राज्याच्या तिजोरीतही आपल्या पैशावर डोळा असतोच. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ सालीच अनुसूचित जाती उपयोजनेचा स्वतंत्र कायदा केला. राज्याला असा कायदा करता येतो याचा तो पुरावा आहे. तेव्हा त्याची मागणी करायची ती विधानभवनापुढे. इथे संसदेकडे बोट दाखवायला महाराष्ट्र सरकारला जागा नाही.

आज सगळ्यात मोठी कसोटी उपवर्गीकरणाची आहे. २००४ साली चिन्नय्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, अनुसूचित जातींची यादी एकसंध आहे, राज्यांना तिचे तुकडे करता येणार नाहीत. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय फिरवला. आता राज्यांना यादीच्या आत गट पाडता येतात. यादीत जात घालण्याचा किंवा काढण्याचा अधिकार मात्र अजूनही फक्त संसदेचाच आहे. म्हणजे अनुच्छेद ३४१ चे दार दिल्लीत आहे, पण आतली खोली कशी वाटायची ते मुंबई ठरवणार. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत आणि आरक्षण १३ टक्के.

याबद्दल आमचे मत आम्ही स्पष्ट मांडतो. मागे राहिलेल्या जातीला वाटा मिळाला पाहिजे ही मागणी न्यायाची आहे. ती करणाऱ्या मातंग भावाला शत्रू मानणे हे आंबेडकरवादात बसत नाही. पण राज्य सरकारच्या हातात ही सुरी देताना दोन अटी घातल्या पाहिजेत. पहिली अट आकडेवारीची. कोणत्या जातीला किती नोकऱ्या मिळाल्या, किती जागा रिक्त ठेवल्या, अनुशेष किती, हे आधी जाहीर करा. न्यायालयानेही अनुभवाधारित माहितीची अट घातलीच आहे. दुसरी अट अशी की, आधी अनुशेष भरा. ताटात भाकरीच वाढली नाही आणि दोन भावांना वाटणीवरून भांडायला लावले, तर त्यात वाढप्याचा डाव असतो. याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली होती आणि बाबासाहेब स्वतः तिथे आले होते. परिषदेचे नावच पाहा, महार-मांग! दोघांना एका मांडवात बसवून बाबासाहेबांनी गावच्या गुलामीचा प्रश्न मांडला. त्या मांडवाची आठवण धाराशिव जिल्ह्याने विसरणे म्हणजे घरचीच शिदोरी फेकून देण्यासारखे आहे.

आणि आकडेवारी येणार कुठून? जनगणना केंद्र सूचीत आहे. म्हणूनच बिहारने २०२३ साली केली ती जनगणना नव्हे, 'सर्वेक्षण' म्हणून केली. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांच्या पुढे होती. देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक आपल्या राज्यात आहेत. त्याच जनगणनेत राज्यात अनुसूचित जातींची संख्या १ कोटी ३२ लाखांवर होती. आमचे सांगणे असे की, धर्माच्या रकान्यात अभिमानाने 'बौद्ध' लिहा आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात यादीतले जातीचे नाव स्पष्ट सांगा. जातीचे नाव तोंडी आणणे अनेक तरुणांना कमीपणाचे वाटते. त्यांची भावना आम्ही समजतो. जात सोडण्यासाठीच तर आपण धम्मात आलो. पण जातीच्या रकान्यात नुसते 'बौद्ध' लिहिले तर यादीत त्या नावाची जात नाही, आणि आपली मोजणी अनुसूचित जातीत होणार नाही. राखीव जागा लोकसंख्येवर ठरतात, उपयोजनेचा पैसा लोकसंख्येवर ठरतो. १९९० मध्ये मिळालेला हक्क २०२७ मध्ये प्रगणकाच्या पुढ्यात गमावण्याची चूक समाजाने करू नये.

हद्दीचा आणखी एक प्रश्न ऊसतोडीला कर्नाटकात जाणाऱ्यांचा. अनुसूचित जातीची यादी राज्यवार असते, म्हणून महाराष्ट्राचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात नोकरीला किंवा प्रवेशाला चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० आणि १९९४ च्या निकालांत सांगितले. पण अत्याचाराच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ साली महत्त्वाचा निर्णय दिला. माणूस आपल्या राज्यात अनुसूचित जातीचा असेल तर दुसऱ्या राज्यात गेल्यावरही अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण त्याला मिळते. परमुलखातून इकडे मजुरीला आलेल्यालाही ते मिळते. सवलत हद्दीवर थांबते, पण अपमानापासूनचे संरक्षण थांबत नाही. हा कागद टोळीच्या मुकादमापासून मजुरापर्यंत पोचला पाहिजे.

काहींना वाटते, राज्याचे पोलीस जातीयवादी आहेत म्हणून सगळे तपास केंद्राकडे द्यावेत. त्यांनी दोन प्रकरणे आठवावीत. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. समाज रस्त्यावर आला, तपास सीबीआयकडे गेला. तरी २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा देताना अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. दुसरे प्रकरण भीमा कोरेगावनंतरचे. १ जानेवारी २०१८ रोजी विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आलेल्या आमच्या लोकांवर दगडफेक झाली. एल्गार परिषदेच्या नावाने मात्र लेखक, वकील, विचारवंतांना तुरुंगात टाकले. राज्यात सत्ता बदलली, जानेवारी २०२० मध्ये नव्या सरकारने तपासाचा आढावा घेतला, आणि लगेच २४ जानेवारीला केंद्राने तो तपास एनआयएकडे घेतला. एनआयए कायद्यात केंद्राला तसा अधिकार आहे. डॉ. आनंद तेलतुंबडे यांना नेमक्या १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्या दिवशी, शरण जावे लागले आणि अडीच वर्षांनी उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. तेव्हा केंद्र म्हणजे न्याय आणि राज्य म्हणजे अन्याय, किंवा त्याच्या उलट, असे गणित मांडणाऱ्यांनी सावध राहावे. दिल्ली आमची मावशी नाही आणि मुंबई आमची आई नाही.

आपले काम सरळ आहे. गावोगावच्या शाखांनी मागण्यांचे दोन कागद करावेत. एका कागदावर राज्याची जबाबदारी लिहावी: तपास, विशेष न्यायालय, दक्षता समिती, गायरान, वसतिगृहे, शिष्यवृत्तीचा ४० टक्के वाटा, उपयोजनेचा कायदा, अनुशेष. हा कागद आमदाराच्या आणि पालकमंत्र्यांच्या हातात द्यावा. दुसऱ्या कागदावर केंद्राची जबाबदारी लिहावी: ६० टक्के वाटा, जनगणना, कलम २१ चा वार्षिक अहवाल, केंद्रीय नोकऱ्यांतील रिक्त जागा. हा कागद खासदाराच्या हातात द्यावा आणि संसदेत प्रश्न कोणत्या तारखेला विचारणार ते लिहून घ्यावे. पुढच्या सभेत तोच कागद वाचावा. निवडणुकीत मत मागायला आलेल्याला भाषण करू न देता आधी तो कागद वाचायला लावावा.

बाबासाहेबांनी अधिकार दोन घरांत वाटले, कारण एका घरातल्या धन्याने दार लावले तर दुसऱ्या घराचे दार ठोठावता यावे. सत्ताधाऱ्यांनी त्याच दोन घरांच्या मधल्या बोळात आम्हाला उभे केले आहे. त्या बोळातून बाहेर पडण्यासाठी घटनेचे पुस्तक प्रत्येक विहारात केवळ पूजेला न ठेवता उघडून वाचले पाहिजे. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास सातव्या अनुसूचीला द्या. ज्या समाजाला कोणते दार कोणाचे हे कळते, त्याला कोणीही बाहेर ताटकळत ठेवू शकत नाही.

जयभीम! जय संविधान!